सदैव तयारीत असलेल्या सरकार पक्षास

पुरुषोत्तमनगर, ता. शहादा, जि. नंदुरबार

माननीय सरकार पक्ष,


मी आपला एक साधा पंच. चोरीच्या दुचाकीच्या पंचनाम्यावर सही करून बसलो आणि तेव्हापासून कोर्टाच्या व्हरांड्यात आपली वाट पाहतो आहे. एका तारखेला आरोपी आला, मी आलो, साहेब डायसवर बसले. मुद्देमाल तेवढा ठाण्यातच राहिला. पुढच्या तारखेला दुचाकी आली, तर तपास अधिकाऱ्यांची बदली झालेली आणि त्यांचे समन्स जुन्याच ठाण्यावर गेलेले. त्याच सकाळी फाइल हाती पडलेल्या एपीपी (सहायक सरकारी वकील) साहेबांनी मुदतीचा अर्ज दिला. त्यांना बोल लावत नाही. बगलेत एवढा गठ्ठा असलेल्या माणसाने त्यातले काय काय वाचावे?

आपण मुदती पाळत नाही, असे लोक म्हणतात ते मात्र साफ खोटे. आरोपी कोठडीत असेल आणि 60 किंवा 90 दिवसांत दोषारोपपत्र गेले नाही, तर तो हक्काने जामिनावर सुटतो. तिथे आपण शेवटच्या दिवशी का होईना, धापा टाकत पोहोचता. रासायनिक तपासणीचा सी.ए. रिपोर्ट आलेला नसतो. ‘प्राप्त होताच सादर करू’ एवढ्यावर काम भागते. चुकले की नाक कापले जाते, तिथे आपले घड्याळ बरोबर चालते. पुढे ते बंद पडते, कारण पुढे नाकाला धोका नाही.

1 जुलै 2024 पासून नवी नागरिक सुरक्षा संहिता आली. कलम 346 प्रमाणे, परिस्थिती पक्षकाराच्या हाताबाहेरची असेल तरच तहकुबी, फार तर दोनदा, तीही कारण लेखी नोंदवून. पण आपण तयार नसलात तर खटलाच जाईल, असे त्यात कुठे नाही. न्यूयॉर्क राज्यात आहे. खुनासारखे गुन्हे सोडले, तर गंभीर खटल्यात सरकारने सहा महिन्यांत ‘आम्ही तयार’ असे सांगायचे. आणि 2020 पासून, बचाव पक्षाला कागदपत्रे दिल्याशिवाय ते सांगणेही ग्राह्य नाही. नाहीतर खटला रद्द. आपण तिकडे नोकरीला गेला नाहीत, हे बरेच झाले.

आपल्याकडे तर माजी मुख्यमंत्री बॅरिस्टर अंतुल्यांच्याच खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्वरित सुनावणीचा हक्क मान्य केला आणि सरसकट कालमर्यादा ठरवायचे नाकारले. 2002 साली सात न्यायमूर्तींनी तेच कायम केले. त्या दिवशी आपण पेढे वाटले असणार. मर्यादा नसली की काय होते ते पाहा: जळगाव घरकुल घोटाळा प्रकरणाचा गुन्हा 2006 चा, धुळ्यातला निकाल 31 ऑगस्ट 2019 चा. जुलै 2024 मध्ये महाराष्ट्रातल्याच बनावट नोटांच्या एका आरोपीला सर्वोच्च न्यायालयाने जामीन दिला, तेव्हा तो चार वर्षे आत होता, आरोप निश्चित व्हायचे होते आणि आपल्याला निदान 80 साक्षीदार तपासायचे होते.

इकडे ऊसवाल्यांना एक गोष्ट कळते. तोडलेला ऊस गव्हाणीत उशिरा पडला की वजनही घटते आणि उताराही. माझ्या आठवणीचा उतारा तसाच घसरतो आहे. दुचाकी काळी होती हे पक्के. डावा आरसा होता की नाही, हे उलटतपासात विचारतील, आणि मी गडबडलो की आपण मला फितूर ठरवून मोकळे व्हाल.

तरी एक विनंती. पुढची तारीख ऐन ऊसतोडीत आहे. मुद्देमाल निघाला का, अधिकारी येणार का, एवढे आदल्या दिवशी फोनवर कळवा. येणार नसाल तर मी मजुरांकडे शेतात थांबतो.

आपला आज्ञाधारक,
पंच क्रमांक 2