झोपलेलं फॅट

सहकारी संस्थेची वार्षिक सभा आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरच्या आत झाली पाहिजे, असं १९६० चा सहकार कायदा सांगतो. ज्यांनी हे कलम लिहिलं त्यांना स्वप्नातही वाटलं नसेल की त्याच्या जिवावर बारामतीतल्या डीटीपीवाल्यांचं वर्षाचं दुकानभाडं निघणार आहे. ऑगस्ट उजाडला की आमच्याकडे रांग लागते. दूध संस्था, पतसंस्था, विकास सोसायट्या, पाणीपुरवठा संस्था. काही बारामतीच्या जिरायती भागातल्या, काही इंदापूरच्या, उजनी धरणाच्या काठच्या. प्रत्येकाच्या हातात गेल्या सालचा अहवाल, त्यावर निळ्या पेनाने केलेली खाडाखोड आणि तोंडी एकच वाक्य : "ताई, फक्त आकडे बदलायचेत."

फक्त आकडे बदलायचे असतील तर माझी काही तक्रार नाही. चेअरमनसाहेबांचं मनोगत गेली कित्येक वर्षं तेच आहे. चेअरमन बदलले, मनोगत टिकलं. खरी कटकट सुरू होते ती आलेखापासून. साखर कारखान्याचा अहवाल गुळगुळीत कागदावर, रंगीत आलेखांसह घरोघर येतो. तो बघून तीनशे सभासदांच्या दूध संस्थेलाही वाटतं की आपल्यालाही असला एक आलेख पाहिजे. आणि असला म्हणजे कसला, हे कुणालाच नक्की सांगता येत नाही.

उजनीकाठच्या एका दूध संस्थेचे चेअरमन आमच्या दुकानाचे जुने गिऱ्हाईक. त्यांना आख्खा गाव तात्या म्हणतो, म्हणून मीही. बरोबर सचिव, तरुण पोरगा, एमएससीआयटी झालेला, त्यामुळे माझ्या प्रत्येक क्लिकवर मान डोलावणारा.

"ताई, दूध आन फॅट, दोनी एकाच चित्रात पायजेत," तात्या म्हणाले. "आन चित्र थ्रीडी."

थ्रीडीचा हट्ट मोडायला मला काहीच करावं लागलं नाही. उभे खांब थ्रीडी करून त्यांच्यावर फॅटची रेघ चढवायला गेले तर एक्सेलने सरळ पाटी दाखवली : काही प्रकारचे चार्ट दुसऱ्या प्रकारांशी जोडता येत नाहीत, वेगळा प्रकार निवडा. मी ती तात्यांना मराठीत वाचून दाखवली. तात्यांनी दोनदा वाचायला लावली आणि सचिवाला म्हणाले, "आपल्या संचालक मंडळात लावाया पायजे ही पाटी."

मग साधे, चपटे खांब काढायचं ठरलं. पाच वर्षांचं दूध आणि पाच वर्षांचं फॅट निवडलं आणि चार्ट टाकला. दुधाचे पाच खांब झोकात उभे राहिले. वर्षाचं संकलन चौदा-पंधरा लाख लिटर, म्हणून डावीकडच्या अक्षावर शून्यापासून सोळा लाखांपर्यंतचे आकडे आले. तात्या चष्मा सावरत पुढे झुकले.

"आवं ताई, फॅट कुटं गेलं?"

"इथंच आहे तात्या. तळाला."

"झोपलंय व्हय?"

झोपलंच होतं. पंधरा लाखांच्या शेजारी साडेतीनला उभं केलं तर दुसरं काय होणार? पण तात्यांचा चेहरा पडला, आणि तो पडावा असंच ते होतं. गोठ्यागोठ्यात फिरून त्यांनी मिनरल मिक्श्चर वाटलं होतं. पाणी घालणाऱ्यांचं दूध घेणं बंद केलं होतं; त्यात एक घर सोयऱ्यांचं निघालं, त्यांच्याकडच्या लग्नात यांना कुणी टोपी-टॉवेलसुद्धा केला नाही. एवढा सगळा पाणउतारा सोसून गावाचं फॅट ३.५ वरून ३.७ वर नेलं, आणि चार्टमध्ये त्याची जागा फरशीला चिकटलेल्या डागाएवढी.

याला उपाय आहे, आणि तो म्हणजे उजवीकडे दुसरा अक्ष. फॅटच्या मालिकेवर उजवं क्लिक करायचं, फॉरमॅट डेटा सिरीज, सेकंडरी अ‍ॅक्सिस. सांगायला सोपं. पण जे दिसतच नाही त्याच्यावर क्लिक कुठे करणार? माऊस घेऊन जमिनीलगत कितीही चाचपडलं तरी हाताला दूधच लागतं. तिथे वर फॉरमॅटच्या टॅबमध्ये डाव्या कोपऱ्यात एक छोटी यादी असते, तिच्यातून 'सिरीज फॅट' निवडायचं. सचिवाने हे लगेच डायरीत लिहून घेतलं. एमएससीआयटीत हे शिकवलं नव्हतं म्हणाला.

दुसरा अक्ष आला, आणि आता फॅट असं काही उठलं की त्याच्या खांबांनी दुधाचे खांब झाकूनच टाकले. दोन्ही मालिका खांबच राहिल्या की उजव्या अक्षावरची डावीच्या पुढ्यात येऊन उभी राहते. म्हणून एकीला रेघ करावं लागतं. चार्टचे दोन प्रकार एकत्र करायचं खरं कारण बहुतेक वेळा एवढंच असतं, नटवणं बिटवणं नव्हे. एक्सेल २०१३ पासून हे सगळं 'कॉम्बो' नावाच्या एकाच खिडकीत मिळतं : कुणाला खांब, कुणाला रेघ, कुणाला उजवा अक्ष, सगळ्या टिकमार्का एका जागी.

"आलं ध्यानात," तात्या म्हणाले. "सामाईक हिरीवर दोगा भावांच्या दोन मोटारी. हीर येकच, पर स्टार्टर ज्येचा त्येचा."

एक्सेल शिकवणारी अनेक पुस्तकं मी चाळली आहेत. उजव्या अक्षाची याहून बरी व्याख्या एकातही नाही. सामाईक विहिरीवर पुढे काय काय होतं तेही तात्यांना पाठ होतं, पण त्या क्षणी ते रेघेकडे बघण्यात गुंग होते.

कारण रेघ जी निघाली ती डावीकडच्या तळातून आणि थेट उजवीकडच्या छताला जाऊन टेकली. मी काहीही केलं नव्हतं. एक्सेलची ही आपली खोड आहे : सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठ्या आकड्यात फरक थोडा असला की ते अक्ष शून्यापासून सुरू करत नाही, आकड्यांच्या जरा खालून करतं. फॅट ३.५ ते ३.७, म्हणून उजवा अक्ष ३.४ पासून सुरू. दोन दशांशांना सगळी उंची आंदण मिळाली.

मी तात्यांना म्हटलं, अक्ष शून्यापासून घ्यायचा का? तात्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी भिशी फोडायला सांगितलं. "न्हाई न्हाई. हाय त्ये लई झ्याक हाय. जरा जाड करा रेघ. आन भगवी."

अहवाल छापला, वाटला. सभेत काय झालं ते सचिवाने नंतर येऊन सांगितलं. देवळाच्या सभामंडपात सभा. विषय क्रमांक एक ते पाच 'मंजूर, मंजूर' करत चहाच्या वासाबरोबर पुढे सरकले. सहाव्याला मागून एक म्हातारे सभासद उठले. अहवाल उघडून, आलेखावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "चेअरमनसायेब, फॅट तर छताला टेकलंय. मंग दिवाळीचा दरफरक जमिनीवर का?"

तात्यांनी परोपरीने सांगितलं की बाबांनो, ही चढण दोन दशांशांची आहे. पण दशांश कुणाला दिसत नव्हता, चढण सगळ्यांना दिसत होती. शिवाय ती जाड आणि भगवी होती. सभा लांबली, चहा गार झाला आणि लिटरमागे दरफरक वाढवून द्यावा लागला.

पुढच्या साली तात्या आले ते बसायच्या आधीच म्हणाले, "ताई, औंदा फॅट झोपलेलंच ठिवा."

मी उजवा अक्ष शून्य ते दहा केला. तेच फॅट, तीच गावची जनावरं; रेघ गुमान आडवी झाली. तात्यांनी ती समाधानाने बघितली आणि दुधाचे खांब मात्र जरा उंच करता येतील का, असं विचारलं. डावा अक्ष दहा लाखांपासून सुरू केला की होतात. खांबांचा अक्ष मात्र मी शून्याखेरीज कुठून सुरू करत नाही. हा माझा धंद्यातला एकमेव सोवळेपणा. रेघेचं चढणं-उतरणं डोळा बघतो, खांबाची तो उंचीच मोजतो, आणि पाय कापलेल्या खांबाची उंची ही शुद्ध थाप असते.

आता यावरून कुणी म्हणेल की सगळ्याच रेघा शून्यापासून काढाव्यात, झोपल्या तर झोपू द्याव्यात. आमच्या भागात तसं म्हणणाऱ्याला उसाच्या फडात नेऊन सोडतील. बारामती तालुक्यात माळेगाव आणि सोमेश्वर, इंदापुरात भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी, शहाजीनगरचा नीरा-भीमा. कुठल्याही कारखान्याचं वर्ष दोन आकड्यांत मांडता येतं : गाळप किती लाख टन आणि साखरेचा उतारा किती टक्के. हे दोन आकडे एकाच अक्षावर घालून बघा. दहा लाखांशेजारी अकरा. उतारा गेला मातीत.

आणि एफआरपी, म्हणजे कारखान्याने उसाला द्यायचा किमान दर, ठरते ती उताऱ्यावर. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये धरले, आणि त्यावर प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ४६ पैसे जास्त. म्हणजे टनाला ३४ रुपये ६० पैसे. शंभर टन ऊस घालणाऱ्याचे साडेतीन हजारांच्या आसपास. शून्यापासूनच्या अक्षावर जो ०.१ भिंगातूनही दिसायचा नाही, त्यात पोराची परीक्षा फी बसते. तिथे रेघेला उजवा अक्ष आणि ताणलेली पट्टी द्यायलाच हवी. तात्यांच्या दोन दशांशांनाही ती द्यायला हवी होती, हे मी आजही म्हणेन; फक्त शेजारी आकडे ठळक छापायला हवेत. आकडे छापले की सभासद रेघ सोडून आकडे वाचतात, आणि बहुतेक चेअरमनांची पंचाईत नेमकी तिथेच होते.

ही दोन जातींची चित्रं एकत्र नांदवण्याची युक्ती एक्सेलवाल्यांची नव्हेच. १७८६ साली विल्यम प्लेफेअर नावाच्या स्कॉटिश गृहस्थाने एका पुस्तकात व्यापाराच्या आकड्यांच्या रेघा आणि खांब काढले. १८०१ मध्ये त्यानेच गोल कापून त्याच्या वाटण्या केल्या. म्हणजे तिघांचा बाप एकच. तरुणपणी हा जेम्स वॉटच्या हाताखाली आराखडे काढत होता; पुढे कर्जापायी तुरुंगही पाहून आला. आणि १८२१ च्या सुमारास त्याने एक चित्र काढलं : गव्हाच्या भावाचे खांब, कारागिराच्या आठवड्याच्या मजुरीची रेघ आणि वर कडेने राणी एलिझाबेथपासूनचे राजे-राण्या, कोण कधी गादीवर होतं ते. अडीचशे वर्षांची महागाई, मजुरी आणि सत्ताधारी मंडळी, एका कागदावर. मजुरीच्या मानाने गहू इतका स्वस्त कधीच नव्हता, हे त्याला सिद्ध करायचं होतं. त्यासाठी एवढं चित्र काढावं लागलं यावरूनच लोकांना तो स्वस्त वाटत नसणार. सत्ताधाऱ्यांचे फोटो आकड्यांच्या वर छापायची पद्धतही इतकी जुनी आहे, हे मला या चित्रावरून कळलं. तात्यांना सांगितलं तर ते म्हणाले, "फोटो वरच आस्तो. खाली म्हयताचा."

अहवालांचा हंगाम ओसरला की प्रोजेक्टवाली पोरं येतात. इंदापूरचा एक विद्यार्थी इंदापूरचा महिनावार पाऊस आणि उजनीची टक्केवारी घेऊन आला. पावसाचे खांब, उजनीची रेघ. भूगोलाच्या पुस्तकात पावसाचे खांब आणि तापमानाची रेघ असते, तसं. मला वाटलं अर्ध्या तासाचं काम. पण उजनी हे धरण वजामध्ये जातं, हे मी धरलंच नव्हतं. उपयुक्त साठा साडेत्रेपन्न टीएमसीच्या आसपास आणि त्याच्या खालचा मृतसाठा त्रेसष्ट टीएमसीहून जास्त. उपयुक्त संपला की शून्य टक्के, आणि तिथून खाली उणे. २०२४ च्या उन्हाळ्यात ते उणे साठ टक्क्यांच्या जवळ गेलं होतं.

त्यामुळे दोन अक्षांची दोन शून्यं एका पातळीवर येईनात. पावसाचं शून्य तळाला, उजनीचं अर्ध्या उंचीवर. चित्रात बघावं तर उणे साठची उजनीही कोरड्या मे महिन्याच्या वर डौलात वाहतेय. शेवटी उजनीचा अक्ष उणे ८० ते १२० घेतला आणि पावसाचाही उणे १६० ते २४०, तेव्हा शून्यं जुळली. मी पोराला विचारलं, "उणे १६० मिलिमीटर पाऊस म्हणजे काय रे, सरांनी विचारलं तर?"

"दुष्काळ," तो म्हणाला.

शून्याची रेषा मधोमध आली, तिच्याखाली लिहिलेली महिन्यांची नावंही मधोमध आली आणि मे-जून उजनीच्या रेघेत बुडाले. ज्या उन्हाळ्यात पळसदेवचं पाण्याखाली गेलेलं देऊळ बाहेर येतं, नेमके तेच महिने आमच्या चित्रात पाण्याखाली. अक्षाच्या लेबल पोझिशनमध्ये 'लो' निवडलं की नावं तळाशी जाऊन बसतात, ते केलं.

मग दिसलं ते असं : रेघ जुलैत उसळते, ऑगस्टमध्ये छताला जाते आणि पावसाचा सगळ्यात उंच खांब येतो सप्टेंबरात. आता इथल्या कुणालाही विचारा, तो सांगेल. उजनी इंदापूरच्या पावसावर भरत नाही, ती भरते सह्याद्रीच्या माथ्यावर, पुणे जिल्ह्यातल्या वरच्या धरणांतून सुटलेल्या पाण्याने. म्हणून आमच्याकडे आभाळ कोरडं असताना पारावरची माणसं 'दौंडचा विसर्ग किती?' विचारत बसतात. आपला पाऊस पडतो तो परतीचा, नंतर. पण पोराने घरी बसून चित्राखाली निष्कर्ष टाईप करून आणला होता : 'उजनी धरण भरल्यानंतर इंदापूर तालुक्यात पावसाचे प्रमाण वाढते.'

वाक्यातला शब्दन् शब्द खरा होता, त्यामुळे मला काही बदलता येईना. मी म्हटलं, सरांना दाखव आधी. सरांनी पाहिलं, सही केली, मार्क चांगले पडले. पुढच्या वर्षी त्याच वर्गातली पोरं पेनड्राइव्ह घेऊन आली.

"ताई, हाच प्रोजेक्ट. फक्त नाव आणि वर्ष बदला. निष्कर्ष राहू द्या."