चूळ भरणारी टाकी

धाराशिवात नळाला पाणी आलं की गल्लीभर आरोळी उठते. अशा गावात आमच्या शेजाऱ्यांनी दिवाणखान्यात ४०० लिटरची काचेची पेटी मांडली आहे. मासे शांत आहेत, पाइप बोलतो. जादा पाणी खाली नेणारा तो एकुलता पाइप पाण्याबरोबर हवाही ओढतो आणि रात्रभर चुळा भरतो. ‘‘अहो, निसर्गाचा आवाज आहे,’’ शेजारी सांगतात. निसर्गाला कफ झालाय, एवढं खरं.

यावर उपाय आहे. एकाऐवजी तीन पाइप घालायचे. पहिला गच्च भरून वाहू द्यायचा आणि व्हॉल्व्हनं बेतानं आवळायचा. हवा शिरली नाही की गुळगुळ बंद. उरलेली बारीक धार दुसऱ्याच्या आतल्या अंगाला चिकटून उतरते. तिसरा कोरडा ठेवायचा, पहिल्यात गोगलगाय अडकेल त्या रात्रीसाठी. शेजाऱ्यांना हा तिसरा पाइप म्हणजे निव्वळ उधळपट्टी वाटली. परवा त्यांचा सोफा गच्चीत वाळत होता.

त्यांना एकदा नळदुर्गला न्यायला हवं. तिथं बोरी नदीवरच्या बंधाऱ्याच्या पोटातच दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ साली, पाणीमहाल बांधला. पावसाळ्यात नदी भरली की जादा पाणी नर आणि मादी या दोन सांडव्यांवरून कोसळतं. आवाजाचं म्हणाल तर कानठळ्या बसतात. पण महालात बसलेला माणूस कोरडा असतो.