खापर कुणाच्या डोक्यावर?

प्रकल्प बुडाला की ‘मानवी चूक’ म्हणून प्रोग्रामरच्या डोक्यावर खापर फोडायचं, ही आता रीतच झाली आहे. ४ जून १९९६ला एरियान-५ रॉकेट उड्डाणानंतर चाळीसेक सेकंदांत फुटलं. ६४ बिटांचा आकडा १६ बिटांत कोंबताना दिशादर्शक संगणक कोलमडला. तेच सॉफ्टवेअर असलेला राखीव संगणक तर, इमानाने, आधीच आडवा झाला होता. मग तिथे तपासणी का ठेवली नाही, असं कुणी विचारेल. ती जाणूनबुजूनच ठेवली नव्हती: सॉफ्टवेअर एरियान-४चं, आणि त्या आधीच्या रॉकेटचा क्षितिजसमांतर वेग, ज्यावर तो आकडा अवलंबून होता, तेवढा वाढणं शक्यच नव्हतं. नवं रॉकेट वेगळ्या मार्गाने जाणार, ही माहिती या दिशादर्शक यंत्रणेच्या मागणीपत्रात घालायची नाही, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं. आणि ज्या हिशेबापायी हे सगळं घडलं, तो एरियान-५ला उड्डाणानंतर लागतच नव्हता.