शुभेच्छुकांचा अल्गोरिदम

डिझाइन, मार्केटिंग आणि समाजमाध्यमांतले नवे ट्रेंड समजावून सांगायला अधूनमधून पुण्याहून एखादे तज्ज्ञ येतात. लॅपटॉप उघडतो, पडद्यावर स्लाइड येते आणि आम्हा सातारा-सांगलीकरांना कळतं की यंदा ‘पर्सनल ब्रँडिंग’ आलं आहे. आलं म्हणे! साहेब, पोवई नाक्यापासून विश्रामबागेपर्यंत कुठल्याही चौकात मान वर करा. ते आमच्याकडे दर आठवड्याला दहा बाय वीस फुटांत टांगलेलं असतं.

फ्लेक्स या कलाप्रकाराकडे कुणी डिझाइनचा अभ्यास म्हणून पाहिलंच नाही. वरच्या ओळीत राज्यातले नेते. त्यांचा क्रम चुकला तर छपाईवाल्याची खैर नाही. मधोमध वाढदिवसाचे दादा. डोळ्यांवर गॉगल, एक हात मोबाईलसकट कानाला, दुसरा सदऱ्याची घडी सांभाळत. नावापुढे ‘भावी’. कशाचे भावी, हे प्रभागरचना जाहीर झाल्यावर ठरतं. आणि खाली टपालाच्या तिकिटाएवढे शुभेच्छुक. खरी विद्या या खालच्या ओळींतच आहे. ज्यानं छपाईला जास्त दिले त्याचा फोटो मोठा आणि दादांच्या जवळ. जो नुसताच ‘मी आहेच की’ म्हणाला, तो कोपऱ्यात. गेल्या निवडणुकीत पलीकडच्या मांडवात जेवून आलेला यंदा फाईलमधूनच उडतो. परदेशातल्या बड्या कंपन्या कुणाची पोस्ट कुणाला दाखवायची हे ठरवायला हजारो अभियंते पोसतात. आमच्याकडे ते काम एक कार्यकर्ता छपाईच्या दुकानातल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून करतो, वर दोन चहाही मागवतो.

राहिला ‘रीच’चा प्रश्न. फ्लेक्स सिग्नलच्या दिव्यासमोर लावला की रीच वाढते, कारण दिवा दिसेना म्हणून गाड्या थांबतात.

यावर कोर्टात कोण गेलं? आम्हीच. ‘सुस्वराज्य फाउंडेशन, सातारा’ या संस्थेनं 2011 मध्ये बेकायदा फलकांविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली आणि 31 जानेवारी 2017 ला त्यावर निकाल आला. महाराष्ट्रभरच्या महापालिका-नगरपालिकांना बेकायदा फलक काढायला सांगणारा हा निकाल साताऱ्याच्या नावानं ओळखला जातो. रोग आणि औषध दोन्ही एकाच जिल्ह्यात तयार होण्याचा हा दुर्मीळ योग. औषध नियमानं घेतलं जात नाही, हा भाग वेगळा. न्यायालय अधूनमधून आठवण करून देतं, मग चार दिवस आकाश दिसतं आणि पाचव्या दिवशी कुणाचा तरी वाढदिवस येतो.

पॅकेजिंगमध्येही आम्ही मागे नाही. ऑगस्ट 2019 च्या कृष्णा-पंचगंगेच्या महापुरात घरं पाण्याखाली असताना मदतीच्या धान्याच्या पिशव्यांवर नेत्यांचे फोटो चिकटवलेले सगळ्या महाराष्ट्रानं पाहिले. गहू कुठला, तांदूळ कुठला, हे महत्त्वाचं नाही. उपकार कुणाचे हे पिशवी उघडण्याआधी कळलं पाहिजे.

त्याच वर्षी 18 ऑक्टोबरला साताऱ्यात उलटा चमत्कार झाला. लोकसभेच्या पोटनिवडणुकीच्या सभेत पाऊस आला आणि 78 वर्षांचे शरद पवार छत्रीशिवाय बोलत राहिले. ना कॅमेऱ्याची तालीम, ना पैसे मोजून वाढवलेली पोस्ट. भिजलेला फोटो तासाभरात घराघरांत पोचला, आणि कॉलर उडवण्याच्या अदेवर पोरांना वेडं करणारे उदयनराजे त्या निवडणुकीत पडले. निकाल पावसानं लागला की आणखी कशानं, यावर पारावर अजून दोन पक्ष आहेत. पण त्यानंतर सभेत चार थेंब पडले की पुढाऱ्यांचे सोशल मीडियावाले छत्रीधारकाला खुणेनं मागं सरकायला लावतात.

तज्ज्ञांची शेवटची स्लाइड ‘कंटेंट मार्केटिंग’ची असते. त्यात अमेरिकेतल्या डीअर या नांगरवाल्या कंपनीनं 1895 मध्ये काढलेल्या ‘द फरो’ मासिकाचं कौतुक ठरलेलं. पलूसजवळच्या किर्लोस्करवाडीचे नांगरवाले मात्र स्लाइडवर कधी येत नाहीत. लोखंडी नांगरानं जमिनीला विष चढतं, असं मानणाऱ्या शेतकऱ्यांना किर्लोस्करांनी नांगर विकले. शंकरराव किर्लोस्करांनी 1920 मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ काढलं. कारखान्याची बातमीपत्रिका म्हणून निघालेलं ते पत्र पुढं ‘किर्लोस्कर’ झालं आणि घराघरांत वाचलं गेलं. ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ त्याच वाडीतून निघाली. शंकरराव स्वतः चित्रकार. एवढं सगळं करून त्यांना ‘कंटेंट क्रिएटर’ म्हणायचं कुणाला सुचलं नाही, हे त्यांचं नशीबच म्हणायचं.

आताचा ताजा ट्रेंड एआय. छपाईच्या दुकानांत दादांचं पोट आत जातं, केस परत येतात, मागे सिंह उभा राहतो. सिंहाला कधी कधी पाच पाय असतात, पण दादांच्या मागं उभं राहणाऱ्याचे पाय मोजायची पद्धत नाही. एवढ्या प्रगतीनंतर दुकानदाराचा धंदा कसा चाललाय, म्हणून विचारलं, तर तो माऊस न सोडता म्हणाला, “वाढदिवसाला सीझन असतो काका, श्रद्धांजली बारमाही. फाईल तीच ठेवायची. गॉगल काढायचा, ‘भावी’ खोडायचं, आणि खाली ‘शुभेच्छुक’च्या जागी ‘शोकाकुल’ टाकायचं. फोटो सगळे तेच. दरही तोच.”