काळ्या रानात पिकअप: नवशिक्यांसाठी स्वस्त धडे

पिकअप दारात आली की पहिला खर्च कशावर करायचा, हे गावाकडे ठरलेलंच असतं. काचेवर ‘आई-बाबांचा आशीर्वाद’, पुढे एलईडीच्या पट्ट्या आणि अख्ख्या शिवाराला कळेल असा हॉर्न. हे आधी उरकून घ्या. चिखलात यातलं काहीच कामाला येत नाही. पण रुतलेली गाडी कोणाची, हे लांबून ओळखू येतं. त्याचा उपयोग पुढे सांगतो.

आता गाडीकडे वळू. फोर बाय फोर घ्यायला पैसे असते तर आपण हे वाचत बसलो नसतो. साध्या बोलेरो पिकअपचं इंजिन पुढे, जोर मागच्या चाकांना, आणि हौदा रिकामा. म्हणजे ज्यांनी राबायचं, त्यांच्यावर वजनच नाही. कांदा भरून पाणंदीतून निघालेली गाडी मोंढ्यात पोचते आणि तीच रिकामी परतताना फसते, ती यामुळेच. तेव्हा वजन टाका. कोणी वाळूची पोती सुचवेल, त्याचं ऐकू नका. हौद्यात वाळू घेऊन फिरणाऱ्याला महसूलवाल्यांची फार समजूत घालावी लागते. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत घरच्या रानातली माती भरा. चार-पाच गोण्या मागच्या अॅक्सलच्या बरोबर वर ठेवा. पार फाळक्याला टेकवल्यात तर गाडीचं नाक हलकं होतं आणि स्टेअरिंग वळवलं तरी गाडी सरळच जाते. गोण्या दोराने आवळा, नाहीतर पहिल्याच ब्रेकला त्या केबिनची चौकशी करायला येतील.

टायरवर मात्र कंजुषी नको. आशीर्वादाच्या रेडियमचे पैसे वाचवून मागे खोल नक्षीचे दोन टायर टाका. मालाच्या हिशेबाने मागे पन्नासच्या पुढे हवा मारलेली असते. रिकाम्या गाडीची ती तिशीपर्यंत उतरवली की टायर पसरतो आणि पकड वाढते. फार खाली जाऊ नका. ट्यूबचा टायर रिमवर सरकला की नोजलच उपटून निघतं. डांबरीवर येताच हवा भरायची, म्हणून पंप सीटखाली हवा. हवा न भरता माल लादून निघणाऱ्यांसाठी हा अभ्यासक्रम नाही.

मातीचीही ओळख हवी. कोकणातला तांबडा चिखल वरून घसरडा, पण पुष्कळदा खाली जांभ्याचा आधार असतो. मराठवाडा-विदर्भातली काळी माती पाणी पिऊन फुगते आणि चाकाला लपेटते. सगळ्यात वाईट वेळ मुसळधार पावसाची नव्हेच; पाऊस उघडून ऊन पडलं आणि माती आंबट-ओली झाली की नक्षी भरून टायर गुळगुळीत होतो आणि मडगार्डात गोळे अडकतात. खुरपं जवळ ठेवा आणि खाली उतरून ते काढा. गाडीत बसून काढता येत नाहीत, हे दरवर्षी कोणीतरी नव्याने सिद्ध करतो.

ट्रॅक्टरच्या चाकोरीत हौसेने शिरू नका. त्याची चाकं उंच, आपली बुटकी. चाकोरी खोल असली की मधल्या वरंब्यावर डिफरन्शिअलचा गोळा टेकतो आणि चाकं अधांतरी फिरत राहतात. एक बाजू वरंब्यावर, दुसरी काठावर, असं चाला. दुसऱ्या गिअरमध्ये, एकाच चालीने, मध्ये न थांबता.

तरी रुतलातच तर ॲक्सिलरेटर सोडा. चाक घुमवून फक्त खड्डा खोल होतो आणि मागे उभ्या मेहुण्याचा सदरा रंगतो. आधी आल्या वाटेने रिव्हर्स घ्या. एकच चाक घुमत असेल आणि दुसरं मख्ख उभं असेल, तर हँडब्रेक दोन-तीन दात ओढून हलका ॲक्सिलरेटर द्या. घुमणारं चाक अडलं की थोडा जोर दुसऱ्याकडे जातो. बाहेर आल्यावर हँडब्रेक सोडायला विसरलात तर लायनरचा वास आठवण करून देईल. पुढचा उपाय म्हणजे चाकाखाली पाचट आणि ओलं बारदान. जॅक लावायचा तर खाली जाड फळी हवी, नाहीतर गाडी तिथेच राहते आणि जॅक खाली जातो.

आणि शेवटचं साहित्य, जे कुठल्याच दुकानात मिळत नाही: ट्रॅक्टर असलेला शेजारी. गाडी लांबून ओळखू यावी ती याच्यासाठी. बांधावरून त्याच्याशी भांडण असेल तर जूनच्या आत मिटवा. टोचनाचा दोर बंपरला बांधू नका, चासीच्या हुकालाच बांधा, आणि ताणलेल्या दोराजवळ कोणाला उभं राहू देऊ नका. गाडी निघाली की ट्रॅक्टरच्या डिझेलचे पैसे त्याच दिवशी द्या. पावसाळा अजून बाकी आहे.