सबब, पत्ता मंजूर

(बदलापूर पूर्वेतील एका सोसायटीतला दिवाणखाना. मध्यभागी टेबल, त्यावर शाईचा पॅड, रबरी शिक्का, टाचण्यांची डबी आणि पत्त्यांचा एक गठ्ठा. अर्ध्या बाह्यांचा सदरा घातलेले, साठी ओलांडलेले गृहस्थ येतात, चष्म्यावरून प्रेक्षागृहाची नीट पाहणी करतात आणि खुर्चीत बसतात.)

बसा. ज्यांचा पुकारा झालेला नाही त्यांनीही बसायला हरकत नाही. आमच्या कचेरीत पुकारा होईपर्यंत बसलेली माणसे पुढे तिथेच सेवानिवृत्त झालेली मी पाहिली आहेत.

महसूल खात्यात उभी हयात घालवून, अव्वल कारकून ह्या हुद्द्यावर पोहोचून, सर्व दफ्तर बिनतक्रार पुढच्या माणसाच्या स्वाधीन करून जो इसम घरी बसला, त्याच्या दारी रविवारच्या दुपारी, म्हणजे जिच्यावर सरकारचाही हक्क पोहोचत नाही अशा त्या जेवणानंतरच्या निद्रेच्या समयी, जपानी राक्षस, जादूगार आणि विदूषक ह्यांचे आपसांतले तंटे निवाड्यासाठी यावेत, हा योग माझ्या पत्रिकेत कुठल्या ग्रहाने घातला, ते आमच्या ज्योतिषीबुवांनाही सांगता आले नाही. माझा दोष म्हणाल तर इतकाच, की जिन्यात भांडणाऱ्या मुलांना मी एकदा विचारले, "लेखी काय आहे?" हा प्रश्न आमच्या खात्यात फिर्यादीला घालवून देण्यासाठी विचारतात. पण मुलांनी घडी घातलेले नियमपुस्तक माझ्या हाती ठेवले. आणि रसिकहो, जिथे कलमे आहेत, पोटकलमे आहेत, अपवाद आहेत आणि अपवादाला अपवाद आहेत, ते पुस्तक खाली ठेवण्याचे मनोधैर्य मजपाशी नाही.

(गठ्ठा उचलतो.)

खेळाचे नाव यु-गि-ओ. काझुकी ताकाहाशी नावाच्या जपानी चित्रकाराने 1996 साली एका साप्ताहिकात चित्रकथा सुरू केली, आणि 1999 पासून कोनामी कंपनीने त्या कथेतले पत्ते प्रत्यक्षात विकायला काढले. प्रत्येक खेळाडूच्या खात्यावर आरंभी 8000 प्राणांक जमा. गड्डीत पत्ते कमीत कमी 40, जास्तीत जास्त 60. एका नावाचे पत्ते तीनच. सुरुवातीला हातात पाच, मग दर पाळीला एक ओढायचा. पाळी संपताना हातात सहाहून जास्त पत्ते असतील तर वरचे टाकून द्यायचे; जमीनधारणेची कमाल मर्यादा अगदी अशीच लागते, फरक एवढाच, की इथे ती खरोखर लागू होते. आणि ओढण्याची पाळी आली असता गड्डीत पत्ता शिल्लक नसेल, तर तो खेळाडू हरला. हे शेवटचे कलम ध्यानात ठेवा. वादीने ठेवले नाही.

वादी म्हणजे उल्हासनगरच्या कॅम्प नंबर चारमधून येणारा एक मुलगा, वय वर्षे चौदा, मला 'अंकल' म्हणतो. प्रतिवादी अंबरनाथची, वय तेरा, मला 'आजोबा' म्हणते, आणि निकाल तिच्या बाजूने लागण्याजोगा असला तर 'आजोबा' हा शब्द किंचित लांबवते. वादी सढळ हाताचा, मोठ्या आवाजाचा, मनाने निर्मळ. प्रतिवादी थांबते. तिच्या गावातल्या शिवालयावर शके 982 चा शिलालेख आहे, म्हणजे इसवी सन 1060. इतकी वर्षे जिथे देवसुद्धा घाई न करता बसला आहे, त्या गावची मुलगी पुढच्या पाळीपर्यंत थांबते ह्यात नवल नाही. शिवाय ती अंबरनाथकर. सकाळी मुंबईस जायचे असता आधी उलट्या दिशेने बदलापूरला यायचे, म्हणजे त्याच गाडीत खिडकी धरून परत जाता येते, हे बाळकडू तिला घरीच मिळालेले. दोन पावले मागे जाऊन जागा पक्की करण्याला तिच्या खेळात तोड नाही.

पहिली फिर्याद टायफूनची. 'मिस्टिकल स्पेस टायफून' ह्या पत्त्याने समोरच्याचा एक जादूचा किंवा सापळ्याचा पत्ता नष्ट करता येतो, आणि हा पत्ता उत्तरादाखलही टाकता येतो. आता इथला कारभार असा, की एकाने पत्ता लागू केला, त्यावर दुसऱ्याने उत्तर दिले, त्यावर पहिल्याने प्रत्युत्तर दिले, म्हणजे साखळी होते. आणि निकाल सर्वांत शेवटच्या पत्त्यापासून उलटा लागत येतो. शेवटी आलेला अर्ज सर्वांत आधी निकालात काढायचा! मी हे वाचले मात्र, डोळे पाणावले. सर्वांत वर पडलेला कागद आधी हाताळणे ह्या आमच्या खात्याच्या शतकानुशतकांच्या वहिवाटीला कुणीतरी अखेर कायद्याचे अधिष्ठान दिले होते.

तर प्रतिवादीने पत्ता लागू केला की वादी टायफून आपटायचा आणि गर्जना करायचा, "कॅन्सल!" ती शांतपणे म्हणायची, "पत्ता गेला. परिणाम गेला नाही."

(उभा राहतो.)

मी विचारले, "बाळ, मामलेदारसाहेबांनी हुकुमावर सही केली, बारनिशीतून तो जावक झाला, आणि मग मूळ कागद कुणी जाळला, तर हुकूम रद्द होतो काय?" वादी म्हणाला, "अंकल, मामलेदार काय असतो?" पुढच्या पिढीच्या ह्या निरागस सुखाचा मला क्षणभर हेवा वाटला. परंतु कायदा स्पष्ट आहे. लागू करताच ज्याचे काम सुरू होते असा साधा पत्ता नष्ट झाला म्हणून त्याचा परिणाम टळत नाही. नष्ट करणे निराळे, रद्द करणे निराळे. मात्र जो पत्ता पटावर उघडा राहून पाळीमागून पाळी आपला अंमल चालवतो, तो उडवला की अंमल संपला. भाडेपट्टा आणि खरेदीखत ह्यांत जो भेद, तोच हा. सबब टायफून अशा बसलेल्या पत्त्यांसाठी राखून ठेवावा, असा सल्ला देऊन फिर्याद नामंजूर केली. वादीने सल्ला ऐकला आणि पुढच्याच डावात तिन्ही टायफून जावक झालेल्या हुकुमांवर टाकून संपवले.

(पाणी पितो.)

दुसरे प्रकरण विदूषकाचे, आणि ते ऐकताना मला घाम फुटला. 'पेटन' नावाचा काळा विदूषक आहे. त्याच्यावर लिहिले आहे, की तो स्मशानात गेला 'तेव्हा' त्याला खेळातून काढून आपल्या गड्डीतला किंवा हातातला दुसरा पेटन मैदानात आणता येईल. वादीने पेटनचा बळी देऊन एक थोरला राक्षस बोलावला, आणि म्हणाला, पेटन स्मशानात गेला, आता दुसरा आणतो. प्रतिवादी म्हणाली, "आजोबाऽ, टायमिंग गेलं."

आता तर्क पाहा. बळी गेला हे खरे. पण त्यानंतर थोरला राक्षस अवतरला. 'तेव्हा असे करता येईल' अशा ऐच्छिक हक्काला ही अट, की ती घटना सर्वांत शेवटची घडलेली असली पाहिजे. तिच्यामागून दुसरे काही घडले, की हक्क बुडाला. तेच पत्त्यावर 'जर स्मशानात गेला तर' असे असते, तर हक्क शाबूत राहिला असता! फेरफाराच्या नोटिशीवर हरकत घ्यायला आमच्या खात्यात पंधरा दिवसांची मुदत असते, आणि तेवढ्यात लोक काकाची, मामाची, निदान स्वतःची संमती नाकारून येतात; इथे मुदत एवढी, की पापणी लवण्याच्या आत ती बुडते. मी निकाल वाचून दाखवला, तेव्हा वादीच्या चेहऱ्यावर जे भाव आले, ते मी ह्यापूर्वी कित्येक खातेदारांच्या चेहऱ्यांवर पाहिले होते; टेबलाच्या ह्या बाजूने.

वादीची मूळ अडचण अशी, की त्याला सोडवत नाही. तो साठ पत्त्यांची गड्डी आणायचा. मी त्याला हिशेब मांडून दाखवला: कामाचा पत्ता तीन प्रतींत घातला, तर चाळिसांच्या गड्डीत पहिल्या पाचांत त्यातला एखादा येण्याचा संभव शेकडा 34 च्या आसपास, आणि साठांच्या गड्डीत शेकडा 23. म्हणजे वीस पत्ते जास्त घेऊन तू काय मिळवलेस? तो म्हणाला, "अंकल, वीस पत्ते."

ह्यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते, कारण मीही अंबरनाथला वाढलो. तिथे विम्कोचा आगपेट्यांचा कारखाना, आणि पेटीवरचे छाप जमवून ते पैजेला लावणे हा आम्हा पोरांचा सार्वत्रिक व्यवसाय. जहाज छाप ज्याच्याकडे ढिगाने तो आमच्यात दरिद्री, कारण जे गावातच निपजते त्याला गावात कोण विचारतो. शिवकाशीचा एखादा भडक छाप ज्याला मिळाला, त्याच्या मागे आळी चालायची. तरीही जहाजांचा तो ढीग टाकून देण्याची प्राज्ञा कुणाची नव्हती. असो. बऱ्याच मनधरणीनंतर वादी चाळिसांवर आला.

(खुर्ची पुढे ओढून, खाजगी आवाजात.)

आणि मग तो रविवार उजाडला.

डाव रेंगाळला होता. प्रतिवादीने 'स्वोर्ड्स ऑफ रिव्हीलिंग लाइट' हा पत्ता मांडला. तो पटावर उभा असेतो समोरच्याच्या तीन पाळ्यांपर्यंत त्याच्या राक्षसांना हल्ला करता येत नाही. बसलेला पत्ता! टायफूनने उडवावा असा! पण तिन्ही टायफून स्मशानात. तेव्हा वादीने, कॅम्पातल्या एका दुकानातून आदल्या दिवशी आणलेला, चकचकीत, किंचित वाकडा कापलेला एक पत्ता टेबलावर ठेवला. चित्र हसऱ्या रांजणाचे. 'पॉट ऑफ ग्रीड' म्हणून जो पत्ता साऱ्या जगाला ठाऊक आहे, तो फुकटात दोन पत्ते ओढू देतो. आणि इतका अन्यायकारक ठरला, की गेली कित्येक वर्षे तो निषिद्ध यादीत आहे. ह्या पत्त्यावर मात्र छापले होते: 'पॉट ऑफ ग्रीन'. आणि खाली: वीस पत्ते ओढा.

वीस!

वादीची कैफियत ऐका. एक: यादीत 'ग्रीड' निषिद्ध आहे, माझा 'ग्रीन' आहे, नाव वेगळे, इसम वेगळा. दोन: मूळ नियम आणि पत्त्यावरचा मजकूर ह्यांत विरोध आला तर पत्त्याचा मजकूर खरा. हा सिद्धांत ह्या जातीच्या खेळांचे मूळपुरुष रिचर्ड गारफिल्ड, जे पेशाने गणिती, त्यांच्या 1993 सालच्या 'मॅजिक' खेळाच्या नियमांत अग्रभागी आहे. तो मीच वादीला कौतुकाने सांगितला होता. आणि तीन, ज्याने मी उभा राहिलो: "अंकल, उल्हासनगरमधली अनधिकृत बांधकामं नियमित करायला 2006 मध्ये खास कायदा झाला. आख्खी बिल्डिंग नियमित होते, तर एक पत्ता का नाही?"

(दीर्घ विराम.)

अधिकृत स्पर्धेत बनावट पत्ता काढलात, तर पंच पत्ता आणि खेळाडू दोघांनाही बाहेरची वाट दाखवतात. पण ही माझी दुपार होती, माझे टेबल होते, आणि पूर्वदाखला बिनतोड होता. मी प्रतिवादीला रीतसर विचारले, "हरकत?" तिने वादीच्या गड्डीकडे पाहिले, पत्ते बोटाने मोजले, आणि म्हणाली, "आजोबाऽऽ, माझी काही हरकत नाही."

समोरचा पक्ष 'हरकत नाही' म्हणाला, की दस्तऐवज दोनदा वाचावा, हे मी जन्मभर उमेदवारांना शिकवले. वादी माझ्या हाताखाली उमेदवार नव्हता. मी हुकूम वाचला: "मजकूर पत्त्याचे नाव यादीत नसल्याने, व प्रतिवादीची हरकत नसल्याने, सबब पत्ता मंजूर, त्यावरील मजकूर अक्षरशः पाळण्यात यावा." (शिक्का मारतो.) वादीने वीस पत्ते ओढले. गड्डीत वीसच होते.

त्याच्या हातांत पत्ते मावेनात. राक्षस होते, ड्रॅगन होते, दुसरा पेटन होता. पण तलवारी उभ्या, हल्ला बंद. पाळी संपताना सहा ठेवून बाकीचे टाकावे लागले, आणि ते टाकताना त्याला किती यातना झाल्या, ते साठांच्या गड्डीचा इतिहास ज्याला ठाऊक आहे त्यानेच जाणावे. प्रतिवादीची पाळी आली, ती म्हणाली, "मी काही करत नाही. तुझी पाळी. ओढ."

वादीने गड्डीच्या जागी हात नेला. तिथे माझे हिरवे टेबल होते.

क्षणभर शांतता, मग तीन उजर एकदम. अंकल, तुम्हीच चाळीस करायला लावले, साठ असते तर! अंकल, डाव तहकूब करा! आणि अंकल, हा पत्ता बघा ना, वाकडा कापलाय, स्पेलिंग चूक आहे, हा सरळसरळ खोटा आहे, डावच रद्द! ज्या दस्तऐवजाच्या खरेपणावर घटकेपूर्वी वादीने शपथ वाहिली, तोच आता खोटा म्हणता येत नाही, असे मी बजावताच त्याने अपील म्हणून कॅम्पात आपल्या दादांना, म्हणजे आजोबांना, फोन लावला. दादांनी सर्व शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, की बेटा, आधी एक पक्के ठरव. पत्ता खोटा असेल तर मी आत्ता दुकानात जाऊन पैसे परत आणतो, पण मग खरा म्हणून खेळलास कशाला, आणि खरा असेल तर हरलास, मग फोन कशाला? फोन बंद झाला.

वादी विचारात पडला. इतक्यात प्रतिवादीने छोटी पर्स उघडून पाच रुपयांचे नाणे टेबलावर ठेवले.

"मी घेते तो पत्ता. पाच रुपयांना."

मी म्हणालो, "अगं, खोटा पत्ता तू कशाला खेळशील?"

"मी नाही खेळणार, आजोबाऽ," ती म्हणाली, "पुढच्या रविवारी कल्याणचा एक मुलगा यायचाय. त्याला वाढदिवसाला देईन."

(शिक्का पॅडवर दाबतो, पत्त्याकडे पाहतो, पुन्हा पॅडवर दाबतो. अंधार.)