जाऊ की, कुठं पळून चाललंय!

एस्लिंगन, जर्मनी
डिसेंबर 2025

ती. बाबा आणि ती. आई यांस,


बाबा, फर्मान पोचलं. वर्षभरात घरातल्या प्रत्येकानं काय वाचलं, कुठं फिरलं आणि काय नवीन खाल्लं याचा हिशेब डिसेंबर संपायच्या आत द्यायचा, तोही व्हॉट्सअ‍ॅपवर नाही, कागदावर. बँकेतून निवृत्त झालात, पण मार्च एंड काही तुमच्या अंगातून गेला नाही. तीन महिने अलीकडं सरकला एवढंच. ‘नुसतं मजा आली असं लिहू नये, दुसऱ्याला उपयोग होईल असं लिहावं’ ही खाली लाल शाईतली तळटीपही वाचली. तर यंदा नुसत्या शिफारशीच लिहिते. त्यातल्या बऱ्याचशा तुम्हा दोघांसाठी आहेत हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे रविवारच्या फोनवर आवाज चढायला नको.

आधी वाचन उरकते, कारण तिथं आपलं भांडण कमी आहे.

तुम्ही पाठवलेल्या दिवाळी अंकांचा गठ्ठा नेहमीप्रमाणे नाताळच्या तोंडावर आला. इकडच्या पोरांना डिसेंबरात एक पुठ्ठ्याचं कॅलेंडर देतात. त्याला चोवीस खिडक्या. रोज एक उघडायची आणि आतलं चॉकलेट खायचं. चिरंजीवांना खिडकी म्हणजे चॉकलेट एवढंच ठाऊक. त्यांनी गठ्ठ्यातला ‘आवाज’ काढला, त्यातल्या चित्राची खिडकी मोठ्या आशेनं उघडली आणि जोरात विचारलं, ‘‘या मावशी काय करतायत?’’ तुमच्या जावयांनी एरवी कधी दाखवत नाहीत ती चपळाई दाखवून अंक कपाटावर ठेवला आणि रात्री स्वतः खाली काढून सगळ्या खिडक्या तपासल्या. 1951 पासून हा अंक मराठी घरांत कपाटावरच का ठेवतात ते पोरांना कळेल यथावकाश. 1909 मध्ये ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला तेव्हा काशिनाथ रघुनाथ मित्रांच्या डोळ्यांपुढं असा वाचक नक्कीच नसणार. पोरांसाठी म्हणून बालभारतीच्या ‘किशोर’चे जुने अंक शोधले. 1971 पासूनचे इंटरनेटवर फुकट आहेत. सोसायटीतल्या नातवंडवाल्या सगळ्या आजोबांना सांगा, म्हणजे ती मुलं निदान तासभर तुमचा रिमोट सोडतील.

मी स्वतः यंदा ‘पाचोळा’ पुन्हा वाचली. फेब्रुवारीत रा. रं. बोराडे सर गेले त्या दिवशी तुम्ही फोनवर फार बोलला नाहीत, एवढंच म्हणालात की देवगिरी कॉलेजात ते प्राचार्य होते तेव्हा एकदा बँकेत तुमच्या काउंटरवर आले होते. कॉलेजात असताना मला ती कादंबरी अभ्यासाला लावल्यासारखी वाटली होती. आता इथं, जिथं दिवसभर मराठवाडी बोली कानावर पडत नाही, तिथं त्या शिंपी कुटुंबातली बाई स्वयंपाकघरात माझ्याशेजारी बसून सांगतेय असं झालं. 1971 ची कादंबरी आहे आणि एक वाक्य शिळं झालेलं नाही. दुसरी शिफारस अनुराधा पाटील यांचं ‘कदाचित अजूनही’. त्याला 2019 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तेव्हा ‘आपल्या गावच्या आहेत हो’ असं तुम्ही अख्ख्या सिडको वसाहतीला सांगितलंत. पुस्तक मात्र अजून प्लास्टिकच्या कव्हरात आहे, असं आईकडून कळतं. कव्हर काढा.

तिसरं पुस्तक हेर्मान हेसचं ‘सिद्धार्थ’. ते तुम्ही वाचलंय, पण मी त्याच्या गावी जाऊन आले, म्हणून इथं माझा नंबर वर. काल्फ नावाचं ब्लॅक फॉरेस्टच्या कडेचं गाव, नदी, एक पूल आणि चढ-उतार. 1877 मध्ये हेस तिथं जन्मला. आपल्याला वाटतं, या गोऱ्या माणसाला बुद्धाचा काळ सुचला कुठून? तर त्याच्या आईचे वडील हेर्मान गुंडर्ट केरळात मिशनरी होते आणि त्यांनी मल्याळमचा जाडजूड शब्दकोश केला, 1872 मध्ये तो छापलाही. म्हणजे आजोबांच्या कपाटात हिंदुस्थान भरलेला आणि नातू तो उपसत बसलेला. बाबा, तुमचं कपाट नीट आवरून ठेवा. आमच्या चिरंजीवांचं काही सांगता येत नाही.

आता खरा विषय.

ऑक्टोबरात आम्ही न्योर्डलिंगनला गेलो. इथून शंभरएक किलोमीटरवर, चारी बाजूंनी तटबंदी असलेलं गाव, तटावरून पूर्ण फेरी मारता येते. चर्चचा मनोरा इतका उंच की चढून वर जाताना तुमचे जावई अर्ध्यावर ‘‘खालूनच छान दिसतोय’’ म्हणाले. आणि हे सगळं गाव एका खड्ड्यात वसलंय. सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वी आकाशातून अशनी पडला, चोवीसेक किलोमीटर रुंद विवर झालं. लोक त्याला ज्वालामुखी समजत होते, ते थेट 1960 पर्यंत. मग शूमेकर आणि चाओ या दोघा शास्त्रज्ञांनी तिथल्या दगडात असं खनिज दाखवलं जे अशा आघातातल्यासारख्या प्रचंड दाबाशिवाय तयारच होत नाही. 1970 मध्ये चंद्रावर जाण्याआधी अपोलो 14 चे अंतराळवीर इथं दगड ओळखायला शिकून गेले. चर्च बांधलंय तो दगडही त्या आघाताचाच, त्यात हिरे आहेत. आई, सरसावून बसू नकोस. ते सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतात.

तिथं विवराच्या संग्रहालयात गाईड बाई विचारू लागल्या, तुम्ही कुठले. मी भारत, महाराष्ट्र असं सांगायला सुरुवात केली, तर बाईंनी मध्येच तोडलं: ‘‘म्हणजे लोणार तुमच्या जवळ!’’ आणि पुढची दहा मिनिटं मलाच लोणार समजावून सांगितलं. काळ्या बेसॉल्ट खडकात अशनीनं झालेलं असं विवर जगात क्वचितच, म्हणून चंद्र-मंगळाचा अभ्यास करणाऱ्यांचा त्यावर डोळा. व्यास सुमारे 1.8 किलोमीटर. तेही आधी ज्वालामुखीचं मानत. पाणी खारं आणि अल्कधर्मी, 2020 च्या जूनमध्ये एकदम गुलाबी झालं होतं, त्याच वर्षी पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलं. मग बाईंनी हसून विचारलं, ‘‘तुमच्या आईवडिलांना आवडलं का?’’

बाबा, मी काय उत्तर द्यायचं? लोणार आपल्या घरापासून दीडशे किलोमीटरच्या आत-बाहेर. माझ्या लहानपणापासून दर हिवाळ्यात लोणारची सहल ठरते आणि दर हिवाळ्यात तुम्ही म्हणता, ‘‘जाऊ की, कुठं पळून चाललंय!’’ हे तुमचं म्हणणं शास्त्रालाही मान्य आहे. पूर्वी लोणारचं वय पन्नासएक हजार वर्षं सांगत, नंतरच्या मोजणीत ते साडेपाच लाखांच्या पुढं गेलं. त्यामुळं तुम्हाला वाटत असेल की अजून बराच अवकाश आहे. विवराला आहे. आईच्या गुडघ्यांना नाही. लोणासुराला विष्णूनं मारलं ती कथा मला आई दरवर्षी सांगते आणि तिनं दैत्यसूदनाचं देऊळ अजून पाहिलेलं नाही. जाताना वाटेत सिंदखेडराजा लागतं. जिजाऊंचं जन्मस्थान, लखुजी जाधवांचा वाडा आणि समाधी तिथंच. फक्त 12 जानेवारीला जाऊ नका. जयंतीची गर्दी पाहून बाबा गाडीतूनच नमस्कार करून परत फिरतील.

दुसरी शिफारस पितळखोऱ्याची. इथं मी थोडी लांबण लावणार आहे, कारण अजिंठा-वेरूळचं कौतुक करायला युनेस्को आहे, पितळखोऱ्याचं करायला कुणी नाही. कन्नडच्या पुढं, गौताळ्याच्या जंगलात, दरीत उतरून जावं लागतं. इसवी सनापूर्वीची बौद्ध लेणी, अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यांच्या बरोबरीची. दाराशी पहारेकरी, खाली हत्तींची रांग, बरंचसं पडझडीत गेलेलं. तिथं सापडलेला एक पोटाळू, हसरा यक्ष आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. डोक्यावर वाडगं धरून असा खूष उभा आहे, जणू आत्ताच निवृत्ती वेतनाचा फरक मिळाला. (नाव घेत नाही.) त्याच्या हातावर करणाऱ्याचं नाव आहे: कन्हदास, धंद्यानं सोनार. आणि लेण्यांत देणगीदारांचे लेख आहेत. एक राजवैद्य, आणि एक मितदेव, पैठणच्या अत्तरवाल्याच्या घरातला. दोन हजारांवर वर्षांपूर्वी पैठणचा अत्तरवाला सातमाळ्याच्या दरीतल्या लेण्यात एक खांब देतो, आणि आपल्या सोसायटीत लिफ्टच्या वर्गणीसाठी तुम्हाला सेक्रेटरी म्हणून दारोदार फिरावं लागतं. चौथ्या मजल्यावरच्या काकांना पितळखोऱ्याला घेऊन जा. लेख वाचून दाखवा.

पैठणला तुम्ही नाथषष्ठीला जाता, ते मी सहलीत धरत नाही, ते कर्तव्य. पण जानेवारीत एकदा नुसतं नाथसागर बघायला जा. लालबहादूर शास्त्रींनी 1965 मध्ये पायाभरणी केली, 1976 मध्ये इंदिरा गांधींनी उद्‍घाटन केलं आणि तेव्हापासून आपल्या घरात त्याची चर्चा फक्त ‘धरणात किती टक्के’ एवढीच होते. हिवाळ्यात तिथं रोहित पक्षी येतात. सकाळी लवकर निघावं लागेल. बाबांचा पेपर वाचून होईपर्यंत पक्षी थांबणार नाहीत. म्हैसमाळचा डोंगर पावसाळ्यासाठी ठेवा.

आमच्याकडं फिरायला याल तेव्हा एस्लिंगनच्या बाहेरही जायला नको. चौदाव्या शतकातली लाकडी चौकटींची घरं अजून राहती आहेत. तुघलकानं 1327 च्या सुमारास राजधानी दौलताबादला हलवली, त्याच शतकातली ही घरं. डिसेंबरात खाली मध्ययुगीन बाजार भरतो. लोक जुने झगे घालून लोहारकाम करतात, भांडी विकतात, मशाली पेटवतात. चिरंजीव म्हणाले, ‘‘आई, हे तर आजोबांकडच्या शहागंज बाजारासारखं आहे.’’ गर्दीपुरतं खरं आहे. पण शहागंजात भाव करता येतो.

आता खाणं. इथल्या श्वाबियन लोकांचा एक पदार्थ आहे, माउलटाशन. कणकेच्या चौकोनी पिशवीत सारण भरून उकडायचं. गोष्ट अशी सांगतात की उपवासाच्या दिवसांत मठातल्या साधूंनी मांस कणकेत लपवलं, म्हणजे वरून देवाला दिसायला नको. गावात त्याचं टोपणनावच देवाला फसवणारे असं आहे. आई, एकादशी अन् दुप्पट खाशी म्हणतात ते इकडंही आहे, आणि पालकाचं शाकाहारी माउलटाशन मिळतं. तू आलीस की करू. नाताळचा केक श्टोलन, त्यात पूर्वी लोणी घालायची बंदी होती, उपवासकाळ म्हणून. शेवटी 1491 मध्ये पोपनं पत्र पाठवून सॅक्सनीवाल्यांना परवानगी दिली. बाबा, तुमच्या घरातला पोप स्वयंपाकघरात आहे. इमरतीसाठी अर्ज तिकडंच करा.

इमरतीवरून आठवलं. आपल्या गुलमंडीवरची ताजी, गरम, सकाळची, हीच माझी वर्षअखेरची पहिली खाऊ-शिफारस. माझ्या वाटची एक आईनं खावी, बाबांनी अर्धी. तुमचे जावई कोल्हापूरचे, तांबडा-पांढऱ्यापुढं दुसरं काही मानत नाहीत. मागच्या भेटीत आपल्याकडचा नान-खलिया खाल्ला आणि कोल्हापूरकर असूनही दोन मिनिटं गप्प होते. तुघलकाच्या लष्कराबरोबर हा पदार्थ आला असं आपल्याकडं सांगतात. राजधानी परत गेली, पण आचारी काही परत गेले नाहीत. तुघलकाच्या त्या उद्योगातून एवढं तरी बरं निघालं.

आणि हुरडा! तो राहिला तर पत्र पाठवूच नये. इथं बाजारात भाजलेले चेस्टनट मिळतात. कागदाच्या पुडीत मोजून देतात. ते हातात धरून मी उभी होते आणि डोळ्यांसमोर मामाच्या शेतातली आगटी, गोवऱ्यांचा धूर, तळहातावर चोळलेली गरम कणसं, शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही. शेतात सतरंजीवर बसून खायचा हुरडा. ते शहराबाहेरचं तिकीट काढून, बैलगाडीत फोटो काढून खायचं नव्हे. तिथं झोकाही असतो, डीजेही असतो, आणि हुरडा असतो पाव वाटी. मामाला मी परस्पर फोन केलाय. जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी आगटी पेटणार आहे. तुम्ही दोघं गेला नाहीत तर तो माझ्यावर रागावेल.

लोणारची गाडी दादानं ठरवलीय. पैसे भरून झालेत, म्हणजे बाबा आता नाही म्हणणार नाहीत. बँकेतल्या माणसाला वाया गेलेले पैसे सहन होत नाहीत, ही माहिती मी त्याला पुरवली. इकडं आमचा आठवडा जिना झाडण्याचा आहे. या भागात घराघरांनी पाळी लावून जिना आणि अंगण झाडायचं, आणि खालच्या मजल्यावरच्या आजीबाई पायऱ्यांवर बोट फिरवून पाहतात. तेव्हा झाडू घेते हातात. मुलांचा तुम्हाला पापा.

तुमची लेक

ता. क. वेरूळ मंगळवारी बंद असतं, अजिंठा सोमवारी. बाबा, ‘‘आज बंदच असेल’’ हे आठवड्यातल्या बाकीच्या पाच दिवशी चालणार नाही.